दम्याच्या पोराची आगोट

आमच्याकडे देवगड तालुक्यात मे महिना निम्मा सरला की आगोटीची गडबड सुरू होते, घर शाकारायचं, लाकडं आत घ्यायची, सुकी मासळी, आमसुलं, पापड डब्यात भरून ठेवायचे, कारण एकदा मिरगाचा पाऊस धरला की चार महिने सगळं ओलं. माझ्या मुलाला दुसऱ्या वर्षी दम्याचं निदान झालं तेव्हापासून आमच्या आगोटीत अजून एक डबा वाढलाय, त्याच्या औषधांचा. आता तो सात वर्षांचा आहे, पावसातून चालत शाळेत जातो, पकडापकडी खेळतो, आणि गेल्या दोन पावसाळ्यांत त्याला एकदाही ॲडमिट करावं लागलं नाही. हे लिहितेय ते अशा आईबाबांसाठी ज्यांचं पोर पाच-सहा वर्षांच्या आतलं आहे आणि हॉस्पिटल लांब आहे. मी डॉक्टर नाही, औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा, पण तो डोस पोराच्या छातीपर्यंत पोचवायचं काम घरातच होतं आणि ते मी पाच वर्षं रोज करतेय. आत्ता या घडीला पोराला धाप लागलेली असेल तर मधलं सगळं सोडा आणि सरळ शेवटचा भाग वाचा.

हा दमाच आहे का?

लहान पोरांचं निदान एका तपासणीत होत नाही हे आधीच समजून घ्या. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री साधारण पाच-सहा वर्षांनंतरच नीट जमते, एक्स-रे बऱ्याचदा साफच येतो, त्यामुळे डॉक्टर ठरवतात ते मुख्यतः तुम्ही काय सांगता त्यावरून. सर्दी झाली की दर वेळी खोकला दहा दिवसांच्या वर लांबतो का, मध्यरात्री नाहीतर पहाटे खोकून उठतो का, सर्दी नसतानाही हसला, रडला, धावला की खोकला काढतो का, घरात आईला-बाबांना दमा किंवा ॲलर्जी आहे का, पोराच्या कोपराच्या नाहीतर गुडघ्याच्या लवणीत इसब उठतं का, पंप (इनहेलर) दिल्यावर फरक पडतो का. हे सगळं वहीत लिहून न्या. बरीच लहान मुलं सर्दीच्या व्हायरसनेच तेवढ्यापुरती सूं सूं करतात आणि मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात, म्हणून डॉक्टर कधी कधी लगेच "दमा" असा शब्द वापरत नाहीत, त्याचा अर्थ ते टाळतायत असा नाही.

मला एक गोष्ट फार उशिरा कळली. आपण छातीत घुरघुर होते म्हणतो ती कितीदा तरी नाकातल्या आणि घशातल्या शेंबडाची असते, दम्याचा आवाज श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा येतो. आणि नेमका दवाखान्यात पोचेपर्यंत तो आवाज बंद होतो, पोर हसत खेळत असतं, आणि आपण काय सांगतोय ते कुणाला पटत नाही. म्हणून रात्री त्रास होत असताना सदरा वर करून छाती आणि पोट दिसेल असा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाईलवर काढा, आवाजासकट. आमचं निदान त्या व्हिडिओमुळे झालं.

आणि एक, जी गोष्ट आपल्या भागात विसरून चालत नाही. पोर एकदम चांगलं होतं, काजूगर, शेंगदाणा, फणसाची आठळी असं काही खाता खाता ठसका लागला आणि त्यानंतर श्वासाला आवाज यायला लागला, तर तो दमा समजून पंप मारत बसू नका. श्वासनळीत काहीतरी अडकलेलं असू शकतं, लगेच हॉस्पिटल गाठा.

दोन पंप, दोन कामं

दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात, पोर वरून ठणठणीत दिसत असलं तरी. त्या सुजलेल्या नळ्यांना धूर, बुरशी, सर्दी काहीही लागलं की भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ होतो आणि वाट अरुंद होते. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सूज आणि आवळणं, आणि दोघींना वेगळी औषधं आहेत.

आवळलेली नळी मोकळी करणारा तो रिलिव्हर, बहुतेक वेळा सालब्युटामॉल. पाच-दहा मिनिटांत काम करतो, चार-पाच तास टिकतो, सुजेचं काहीच करत नाही. सूज उतरवणारा तो कंट्रोलर, म्हणजे ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन असं नाव असेल. हा दिल्यावर लगेच काहीच दिसत नाही, पूर्ण फरक जाणवायला काही आठवडे जातात, आणि म्हणूनच लोक तो सोडतात. आमचंही तेच झालं होतं. पहिल्या वर्षी पोर बरं झालं म्हणून डिसेंबरात मी स्वतःच बंद केला, जूनपर्यंत सगळं छान, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस हॉस्पिटलात. डॉक्टर ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की पोर बरं होतं ते या पंपामुळेच बरं होतं. कंट्रोलर कमी करायचा असतोच, पण साधारण तीन महिने काही त्रास नाही असं झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, पायरी पायरीने, आणि पावसाच्या तोंडावर तर नकोच. काही मुलांना फक्त पावसाळ्यातच त्रास होतो, त्यांना डॉक्टर पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून कंट्रोलर चालू करतात. म्हणून तपासणीला जायचं ते मे महिन्यात, पहिला अटॅक आल्यावर नाही.

पंपाच्या रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो, पंपावरचं औषधाचं नाव वाचा. आमच्या घरी सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून रिलिव्हरला मी लाल दोरा बांधलाय. लाल दोऱ्याचा पंप धाप लागल्यावर, बिनदोऱ्याचा रोज दात घासायच्या आधी. दात घासायच्या आधी का, तर कंट्रोलरनंतर चूळ भरून थुंकायची असते, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आणि ब्रशला जोडून दिलं की विसरत नाही. मास्क लावत असाल तर तोंडाभोवतीची कातडीपण ओल्या फडक्याने पुसा.

आता स्टिरॉइडची भीती. हो, कंट्रोलर स्टिरॉइडच आहे. वर्षानुवर्षं दिल्याने मोठेपणीची उंची साधारण एक सेंटीमीटरने कमी भरू शकते, हे मी लपवत नाही, डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. पण हिशोब बघा. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, दिवसाला शंभर-दोनशे वगैरे, आणि तो बराचसा छातीतच काम करतो. अटॅक आला की तोंडाने द्यावं लागणारं स्टिरॉइड मिलिग्रॅममध्ये असतं, म्हणजे हजारपटीचं माप, आणि ते अंगभर जातं. दोन्ही औषधं वेगळी आहेत, सरळ तुलना होत नाही, पण रोजचा थोडासा पंप टाळून वर्षात चार वेळा ते मोठं औषध द्यायची वेळ आणायची, यात पोराचं काय भलं आहे? सतत गुदमरणाऱ्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या पोराची वाढपण खुंटतेच.

चवीच्या गोळीबद्दल पण सांगते, मॉन्टेलुकास्ट म्हणून असते, बऱ्याच मुलांना देतात. काही मुलांना तिच्यामुळे वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड वाढते, वागणं बदलतं. असं दिसलं तर "हट्टी झालाय" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

स्पेसर नीट वापरा, अर्धी लढाई तिथेच आहे

लहान पोराला पंप थेट तोंडात मारून उपयोग नाही, औषध जिभेवर आणि घशात बसतं. मध्ये स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधला पोकळ नळा, पाहिजेच, चारेक वर्षांपर्यंत मास्कचा, त्यानंतर जमायला लागलं की तोंडात धरायच्या नळीचा. पावडरची कॅप्सूल टाकून ओढायचं यंत्र पाच वर्षांच्या आतल्या पोराला देऊ नका, तेवढा जोरात श्वास त्यांना ओढता येत नाही.

पोराला मांडीवर घ्या, त्याची पाठ तुमच्या छातीला, ताठ बसलेलं. पंपाचं झाकण काढा, चांगला हलवा, स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा घट्ट टेकवा, कडेने फट राहिली तर औषध बाहेर जातं. एकदाच दाबा. मग पोराला सहज श्वास घेऊ द्या, पाच-सहा वेळा, झडप हलते ती बघून मोजा, अगदी तान्ह्याला दहा मोजा. दुसरा पफ असेल तर अर्धा मिनिट थांबा, पंप परत हलवा, परत सगळं पहिल्यापासून. दोन पफ एकदम दाबून मोकळं व्हायचं नाही, ही चूक मी सगळीकडे बघते. नवीन पंप असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन-तीन फवारे हवेत मारून घ्या.

रडणाऱ्या पोराला मास्क दाबून धरला की आपल्याला वाटतं तोंड उघडं आहे, औषध आत जाईल, पण रडताना छातीत फार कमी जातं. म्हणून बऱ्या दिवसांतच सवय करा. मी आठवडाभर नुसता स्पेसर खेळायला दिला होता, तो त्याच्या अस्वलाला पंप द्यायचा, मग मला द्यायचा, मग स्वतः. मोजायला आम्ही खाडीतल्या होड्या धरल्या, एक होडी गेली, दोन होड्या गेल्या, सहावी होडी धक्क्याला लागली की मास्क काढायचा. आजही तो मनातल्या मनात होड्याच मोजतो.

स्पेसर प्लॅस्टिकचा असेल तर वापरायच्या आधी आणि मग दर एक-दोन आठवड्यांनी कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार थेंब टाकून बुडवून काढा. घासायचा नाही, फडक्याने पुसायचा नाही, पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं. निथळत ठेवायचा. पावसाळ्यात तो दोन दोन दिवस वाळत नाही म्हणून लोक चुलीच्या वर टांगतात, तसं करू नका, धूर धरतो आणि प्लॅस्टिक वाकडं होतं. संध्याकाळचा पफ झाला की धुवून फॅनखाली ठेवला तर सकाळपर्यंत बऱ्यापैकी वाळतो, जमलं तर पावसापुरता दुसरा स्पेसर घेऊन ठेवा.

पंप संपलाय का हे हलवून कळत नाही, औषध संपलं तरी आतला गॅस फुसफुसत राहतो. पाण्यात तरंगतो की बुडतो बघायची युक्तीपण चुकीची. काही पंपांवर आकडा असतो, नसेल तर हिशोब करा, २०० डोसचा पंप आणि सकाळ-संध्याकाळ एकेक पफ म्हणजे १०० दिवस, दोन दोन पफ म्हणजे ५० दिवस. सुरू केल्याची आणि संपायची तारीख मार्करने पंपावरच लिहा.

लाईट गेली तर?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या पट्ट्यात किती दिवस लाईट नव्हती हे इथल्या कुणाला सांगायला नको. आमच्याकडे तेव्हा नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे तुषार करून देणारं विजेचं मशीन, होता, स्पेसर नव्हता, कारण मशीनचं औषध जास्त स्ट्राँग असं मला कुणीतरी सांगितलेलं. मशीन टेबलावर तसंच पडून, पोर मांडीवर धापतंय, आणि रस्त्यात झाडं आडवी. वाडीतल्या मुलांनी झाडं तोडून वाट केली म्हणून हॉस्पिटलात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं असेल तर स्पेसर हातात दिला. नेहमीच्या अटॅकला स्पेसरमधून दिलेला पंप मशीनइतकाच काम करतो, लाईट लागत नाही, खिशात मावतो, दोन-तीन मिनिटांत होतो. मशीन अजून आहे घरात, पण आमची भिस्त त्याच्यावर नाही.

स्पेसर नसेलच आणि वेळ आली तर अर्ध्या लिटरची रिकामी पाण्याची बाटली घ्या, कोरडी, बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडा, पंप घट्ट बसवा, कडेने टेप लावा, आणि बाटलीचं तोंड पोराच्या ओठांत. एक पफ, सहा श्वास. हॉस्पिटलला पोचेपर्यंतची सोय म्हणून हे खरंच चालतं.

आगोटीच्या डब्यात आमच्याकडे असतं ते असं: भरलेला एक जादा रिलिव्हर, दोन महिने पुरेल एवढा कंट्रोलर, जादा मास्क, ताजं प्रिस्क्रिप्शन, टॉर्च. नदीकाठी नाहीतर खालाटीत घर असेल तर हा डबा झाकण घट्ट करून वरच्या फळीवर ठेवा, २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी किती झपाट्याने चढलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पंप उन्हात किंवा उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही. फ्लूची लसपण याच दिवसांत, पावसाच्या आधी, दर वर्षी घ्या, सहा महिन्यांपासून देता येते आणि लहान मुलांना पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. या वयात दम्याचा सगळ्यात मोठा ट्रिगर (त्रास सुरू करणारी गोष्ट) सर्दीच आहे, बाकी सगळं त्याच्या मागून.

ओल, बुरशी आणि गोधड्या

चिऱ्याच्या भिंतीला ओल आली, पोपडे निघाले, काळे ठिपके दिसायला लागले की ती बुरशी, आणि दमट हवेत गादी-गोधडीत डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे फार वाढतात. कोकणातल्या पावसाळ्यात ओल शून्यावर आणणं कुणाला शक्य नाही, तेव्हा सगळ्या घरामागे लागू नका, पोर जिथे आठ-दहा तास झोपतं ती एक खोली धरा. शाकारणी करताना त्या खोलीवरची कौलं आधी बघून घ्या. त्याचं अंथरूण ओलीच्या भिंतीपासून हातभर लांब. ओले कपडे त्या खोलीत दोरीवर वाळत घालायचे नाहीत, हे सगळ्यात कठीण आहे मला माहितेय, आम्ही पडवीला प्लॅस्टिक लावून तिथे दोऱ्या बांधल्या. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. बुरशी साबणाच्या पाण्याने घासून कोरडी करा, पोर घरात नसताना, तोंडाला फडकं बांधून.

जुन्या कापसाच्या गाद्या आणि चार पिढ्यांच्या गोधड्या एप्रिल-मेच्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून झटका, पोरापासून लांब. त्याच्या गादीला चेनचं जाड कव्हर घाला, चादर आणि उशीचा अभ्रा आठवड्याला कढत पाण्यात. नुसतं कव्हर घालून दमा बरा होत नाही, कंट्रोलर चालू असताना हे केलं तर उपयोग होतो. केर काढताना आधी ओलं फडकं फिरवा, पोराला अंगणात पाठवा.

धूर

याच्यावर मी कुणाशीही भांडते. चूल, न्हाणीतलं पाणी तापवायचं चुलवण, पालापाचोळा, नारळाची सोडणं जाळणं, विडी, उदबत्ती, मच्छर कॉईल, सगळा धूर पोराच्या नळीला सारखाच. बंद खोलीत एका मच्छर कॉईलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात असं मोजलेलं आहे, आणि आपण ती पोराच्या उशाशी लावतो. मच्छरदाणी लावा. बाबा बाहेर जाऊन विडी ओढत असतील तरी कपड्यांना, हातांना ते येतंच, विडी सोडणं हाच उपाय. पाणी तापवायचं चुलवण आम्ही वाऱ्याने धूर घरात येणार नाही अशा बाजूला हलवलं, खर्च काही नाही, फरक पहिल्याच हिवाळ्यात दिसला.

फेब्रुवारीपासून शेतात भाजावळ, म्हणजे जमीन भाजणं, सुरू होते, त्या दिवशी शेजाऱ्यांना विचारून ठेवा आणि पोराला तेवढे तास दुसऱ्या वाडीत न्या, नाहीतर त्या बाजूच्या खिडक्या बंद. आंब्याच्या बागेत फवारणी असेल त्या दिवशीही तेच, औषधाच्या तुषारांत पोराला खेळू द्यायचं नाही.

आणि तान्ह्या बाळांची धुरी. अंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणीची सालं टाकून बाळाला धुरावर धरतात, प्रेमानेच करतात, पण ज्या बाळाला छातीचा त्रास आहे त्याला हा धूर थेट ट्रिगर आहे. कापूर चोळू नका, लहान बाळांना तो विषारी पडू शकतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्याची वाफपण नको, पोरं भाजतात आणि दम्याला तिचा उपयोग नाही.

घरातली माणसं

माझ्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "एवढ्याशा पोराक पंप? जल्माची सवय लागतली." त्यांच्यावर चिडून काही झालं नसतं. मी त्यांना डॉक्टरांकडे सोबत नेलं, तिथे त्यांनीच प्रश्न विचारले, आणि त्याच रात्री त्यांनी स्पेसर हातात घेऊन बघितला. आता संध्याकाळचा पफ त्याच देतात. पंपाची सवय लागत नाही, चष्म्याची जशी लागत नाही तशीच, गरज असते तोवर लागतो.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देतात तिकडे, किंवा जूनमध्ये हैदराबादला माशातून देतात तिकडे न्यायचा आग्रह होतो. जिवंत मासा लहान पोराच्या घशात घालू देऊ नका. बिननावाच्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून एकदम बरं वाटतं. आणि काहीही केलंत तरी रोजचा पंप त्यासाठी थांबवू नका. केळं, दही, दूध, मासे सरसकट बंद करू नका, एखाद्या पदार्थाने दर वेळी त्रास होतो असं खरंच दिसलं तर डॉक्टरांना सांगून तेवढाच बंद करा.

शाळेत, अंगणवाडीत बाईंना पंप कसा द्यायचा ते प्रत्यक्ष करून दाखवा, एक स्पेसर तिथेच ठेवा, आणि खेळायला बंदी करू नका म्हणून सांगा. धावल्यावर दर वेळी खोकला येत असेल तर त्याचा अर्थ दमा आटोक्यात नाही, खेळ चुकीचा आहे असा नाही.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना एक सांगते. गावची हवा शुद्ध म्हणून पोरं घेऊन येता, पण आठ महिने बंद असलेलं घर उघडून त्याच रात्री त्यात झोपता, आणि माळ्यावरचं सामान काढता पोरांच्या देखत. कुणाला तरी सांगून दोन दिवस आधी घर उघडून झाडून घ्या, रंग लावायचा तर पंधरा दिवस आधी. पोराचं अंथरूण-पांघरूण घरून आणा. पंप आणि स्पेसर हातातल्या पिशवीत, रेल्वेत सीटखालच्या बॅगेत नाही. आरतीच्या वेळी धूप-कापूर, फटाके, पोर दाराशी मोकळ्या हवेत उभं राहू दे, देवाला चालतं.

महिन्याला चार प्रश्न

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रात्रीच्या खोकल्याला "ख" आणि रिलिव्हर लागला की "लाल" असं लिहिते. महिना संपला की चार गोष्टी बघायच्या. दिवसा आठवड्यातून एकदापेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? रात्री एकदा तरी खोकून उठला का? रिलिव्हर आठवड्यातून एकदापेक्षा जास्त वेळा लागला का? खेळताना इतर मुलांपेक्षा लवकर दमून बसला का? चारही "नाही" म्हणजे छान चाललंय. एक-दोन "हो" म्हणजे आधी पंप द्यायची पद्धत तपासा, मग डॉक्टर. तीन-चार "हो" असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. हे पाच वर्षांपर्यंतच्या पोरांचं माप आहे, मोठ्यांचं थोडं वेगळं असतं.

अटॅक आला तर

आधी डॉक्टरांकडून हे सगळं कागदावर लिहून घ्या, कुठला पंप, किती पफ, कधी निघायचं, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आमच्या कागदावर असं आहे: बसतं करा, झोपवायचं नाही. रिलिव्हरचे २ पफ स्पेसरमधून, एकामागून एक, सांगितलं तसे. २० मिनिटांत आराम नाही तर परत २, परत २० मिनिटांनी २. तासात तीनदा देऊनही उतरलं नाही तर हॉस्पिटल. आराम पडला पण तीन-चार तासांत परत लागला, तरी त्याच दिवशी डॉक्टर. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर घरी वाट बघायची नाही, पहिल्या डोसलाच फोन करून निघायचं.

हे कागदावरचं. पण आम्हाला कणकवलीला पोचायला पावसात दीड तास लागतो, म्हणून घरचा नियम कडक आहे, दुसऱ्या फेरीला फरक दिसला नाही की रिक्षा दारात. तिसरी फेरी गाडीत. तुमचं अंतर किती ते धरून तुमचा नियम डॉक्टरांबरोबर ठरवा. वाडीतल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर आणि १०८ मोबाईलमध्येही पाहिजे आणि भिंतीवरही.

ही लक्षणं दिसली तर फेऱ्या मोजू नका, पंप देत देत लगेच निघा: बरगड्यांच्या मधली कातडी किंवा गळ्याखालचा खड्डा श्वासाबरोबर आत ओढला जातोय, नाकपुड्या फुलतायत, बोलता येत नाही, रडायलाही दम नाही, दूध-पाणी घेत नाही, ओठ किंवा जीभ निळसर, पोर मलूल होऊन डोळे मिटतंय. आधी शिट्टी होती आणि आता आवाजच येत नाही, पण पोर तसंच धापतंय, हे सगळ्यात वाईट, हवाच आत-बाहेर होत नाहीये. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, एक ते पाच वर्षांच्या पोराला ४० किंवा वर, आणि दोन महिने ते वर्षाच्या बाळाला ५० किंवा वर म्हणजे जलद. बरोबर ताप असेल तर न्यूमोनियाही असू शकतो, तो पंपाने जाणार नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल आणि ९२ च्या खाली दाखवत असेल तर निघाच, पण गार पडलेल्या बारक्या बोटावर ते चुकीचंही दाखवतं, म्हणून आकडा चांगला आहे आणि बरगड्या ओढल्या जातायत तर बरगड्यांचं ऐका.

जबरदस्तीने काही पाजू नका, घरात उरलेलं अँटिबायोटिक नाहीतर खोकल्याचं सिरप देऊ नका. गाडीत पोर मांडीवर ताठ, काच थोडी खाली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात ऑक्सिजन मिळत असेल तर आधी तिथे थांबा, लांबच्या मोठ्या हॉस्पिटलच्या नादाने ते ओलांडून जाऊ नका, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात की गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं ते तिथून ठरू दे, ॲम्ब्युलन्समधून. रिलिव्हर, स्पेसर, रोजचा पंप आणि तो कागद एका पिशवीत घ्या, आणि निघताना पेनाने पोराच्या हातावरच लिहा, किती वाजता किती पफ दिले, कारण गडबडीत आपण विसरतो आणि तिथे गेल्यावर पहिला प्रश्न तोच असतो.